उसना श्वास

पावसाळ्याचे दिवस, जमिनीवर घातलेले अंथरूण, आणि मध्यरात्रीनंतर केव्हातरी झालेला मण्यार सापाचा दंश. हा दंश बहुधा दुखत नाही. त्याची खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात कळ येते म्हणून. घरची मंडळी ओवा देतात, कोणी पोट शेकतो. तास-दोन तासांत त्याच्या पापण्या आपोआप मिटू लागतात, बोलणे अडखळते, थुंकी गिळवत नाही, मान सावरता येत नाही. त्यानंतर पाळी येते ती श्वासाची.

मण्यारीचे विष हृदय बंद पाडीत नाही आणि मेंदूही बधिर करीत नाही. मज्जातंतू जेथे स्नायूला हुकूम पोचवितो तो सांधा ते निकामी करते. छातीचे व श्वासपटलाचे स्नायू हुकुमाची वाट पाहत स्वस्थ राहतात, आणि एरवी धडधाकट असलेला माणूस गुदमरून मरतो. प्रतिविष टोचले तरी एकदा लुळे पडलेले स्नायू त्याने लागलीच जागे होत नाहीत. तंतूंची टोके नव्याने वाढावी लागतात आणि त्याला काही दिवस जातात. परंतु तेवढे दिवस दुसऱ्या कोणी त्याच्यासाठी श्वास घेतला, तर असा रुग्ण बहुधा पूर्ववत बरा होऊन आपल्या पायांनी घरी जातो. वैद्यकात इतके स्पष्ट देणे-घेणे फार थोड्या ठिकाणी आढळते.

ही गोष्ट थोड्यांची नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याच्या उद्देशाने केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. यांतील सर्वच दंश मण्यारीचे नसतात. घोणसाचे विष निराळ्या रीतीने मारते. पण मण्यार आणि नाग यांच्या दंशात, तसेच कीटकनाशकाच्या विषबाधेत, रुग्ण वाचेल की नाही हे पुष्कळदा गावापासून मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या वाटेवरच ठरते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतमजुरांना झालेली विषबाधा वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वाटेवर उपयोगी पडणारी साधने दोन: हाताने दाबावयाचा रबरी फुगा आणि उचलून नेता येणारे लहान श्वासयंत्र. दोन्ही आज आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी आहेत. ती हाताळावी कशी आणि जपावी कशी, हे मात्र तितक्या ठिकाणी ठाऊक नाही.

'व्हेंटिलेटर' हा शब्द आपल्याकडे अकारण भयप्रद होऊन बसला आहे. डबघाईला आलेल्या साखर कारखान्याविषयी लिहितानाही वर्तमानपत्रे तो 'व्हेंटिलेटरवर' असल्याचे लिहितात. त्यामुळे डॉक्टरांनी हा शब्द उच्चारताच घरात रडारड सुरू होते. वस्तुतः हे यंत्र रोग बरा करीत नाही आणि माणसाला मारीतही नाही. ते केवळ वेळ मिळवून देते. त्या वेळात प्रतिविष, औषध किंवा शरीराची स्वतःची शक्ती आपले काम करते.

कोपनहेगनचे विद्यार्थी

आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुलते, आत पोकळी होते आणि हवा ओढली जाते. १९२८ साली अमेरिकेत फिलिप ड्रिंकर यांनी बनविलेली लोखंडी पेटी याच तत्त्वावर चालत असे. मानेपासून खाली रुग्णाला पेटीत निजवून आतील हवेचा दाब कमी-अधिक करीत. पेटी प्रचंड, महाग आणि थोडी. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, पोलिओची भयंकर साथ आली तेव्हा तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात अशी पेटी एकच होती आणि छातीवर बसविण्याची कवचे सहा. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

रुग्णालयाचे प्रमुख डॉ. लासेन यांनी तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलाविले. इब्सेन यांचा विचार साधा होता. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या माणसाला आपण नळीतून, रबरी पिशवी दाबून श्वास देतो. तर येथेही तसेच का करू नये? हवा ओढून घेण्याऐवजी ती आत ढकलावयाची. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविली गेली आणि पिशवीने श्वास देण्यात आला. ती वाचली. मग प्रश्न उरला तो पिशव्या दाबणाऱ्या हातांचा. वैद्यकाचे आणि दंतवैद्यकाचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. सर्वांचे मिळून १ लक्ष ६५ हजार तास त्यांनी पिशव्या दाबल्या असे सांगतात. रुग्णांना गोष्टी वाचून दाखवीत, त्यांच्याशी खेळ खेळत त्यांनी हे काम केले, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले.

त्या पिशव्यांना एक अडचण होती. नळकांड्यातून वायू येत असेल तरच त्या फुगत. डॅनिश भूलतज्ज्ञ हेनिंग रूबेन यांनी होल्गर हेस्से यांच्या साहाय्याने जी पिशवी तयार केली ती दाबून सोडताच आपोआप पूर्ववत फुगे व बाहेरची हवा आत घेई. वीज नको, सिलिंडर नको. १९५६ साली ती बाजारात आली. बनविणाऱ्यांनी दिलेले 'अंबू' हे नाव जगभर रूढ झाले आणि आपल्याकडेही प्रत्येक वॉर्डातील परिचारिका आज 'अंबू आणा' असेच म्हणते.

फुगा: गरिबाचे श्वासयंत्र

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा तिच्यातील ९३७ गाड्यांपैकी २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक साधनांच्या होत्या व उरलेल्या ७०४ प्राथमिक साधनांच्या. श्वासयंत्र असते ते पहिल्या प्रकारच्या गाडीत. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत काय असते? फुगा. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही तोच. शहरांतील मोठ्या सरकारी रुग्णालयांत यंत्र रिकामे होईपर्यंत रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा तासन् तास फुगा दाबीत बसलेला पुष्कळांनी पाहिला असेल. असे होऊ नये हे खरे. पण होते तोवर, हात ज्याचा आहे त्याला दोन गोष्टी नीट सांगितल्या गेल्याच पाहिजेत, आणि बहुधा 'दाबत राहा' यापलीकडे त्याला काही सांगितले जात नाही. म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

मोठ्या माणसाच्या फुग्यात सुमारे दीड लिटर हवा मावते, आणि माणसाला एका श्वासात लागते ती जेमतेम अर्धा लिटर. तेव्हा संपूर्ण फुगा पिळून काढणे ही चूक होय. एका हाताने, एका सेकंदात, छाती किंचित वर उचललेली दिसेल इतकेच दाबावे आणि सोडावे. सोडल्यावर हवा बाहेर पडावयास वेळ द्यावा. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांतून एक श्वास, म्हणजे मिनिटाला १० ते १२, पुरेसे असतात. लहान मुलाला दोन-तीन सेकंदांतून एक. नवजात अर्भकाला मिनिटाला ४० ते ६०, आणि तेही त्याच्या इवल्या फुग्याने. मोठा फुगा 'जपून' दाबणे हा पर्याय नव्हे.

हे ऐकावयास सोपे वाटते. प्रत्यक्षात घाबरलेला हात भराभर चालतो. शिकलेल्यांचाही! २००४ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात हृदय बंद पडलेल्या १३ रुग्णांच्या बाबतीत निरीक्षण केले गेले, तेव्हा प्रशिक्षित कर्मचारीसुद्धा मिनिटाला सरासरी ३० श्वास देत असल्याचे आढळले. अधिक श्वास म्हणजे अधिक चांगले, असा आपला समज असतो. पण छातीत दाब सतत राहिला तर शरीरातून हृदयाकडे परत येणारे रक्त अडते. शिवाय तोंडावर मास्क ठेवून श्वास देत असता जोराने ढकललेली हवा जठरात शिरते, पोट फुगते, रुग्णाला उलटी होते आणि ती फुप्फुसांत जाते. दाबणाऱ्याने मनात 'एक-दोन-तीन-चार-पाच' असे सावकाश मोजावे, किंवा कोणी जवळ बसून घड्याळ पाहत हुकूम द्यावा. हात अर्ध्या-पाऊण तासात भरून येतो आणि मग लय बिघडते, म्हणून बदली माणूस आधीच ठरवून ठेवावा. बदलतानाही एक श्वास चुकता कामा नये.

मास्क नाकाच्या दांड्यापासून हनुवटीपर्यंत घट्ट बसला पाहिजे. एका हाताचा अंगठा व तर्जनी मास्क दाबतात आणि उरलेली तीन बोटे जबड्याचे हाड वर उचलतात. मास्क चेहऱ्यावर दाबावयाचा नसून चेहरा मास्कात उचलावयाचा असतो. जबडा मागे पडला तर जीभ घसा बंद करते आणि फुगा कितीही दाबला तरी छाती हलत नाही. एका माणसाला हे जमणे कठीण. दोघे असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा व दुसऱ्याने फुगा दाबावा. डोक्याला किंवा मानेला मार लागलेला असेल तर मान मागे वाकवू नये, केवळ जबडा पुढे उचलावा.

फुग्याला प्राणवायू जोडलेला नसेल तर रुग्णाला साध्या हवेतील २१ टक्के प्राणवायू मिळतो. प्राणवायूची नळी जोडली, मागची साठवण-पिशवी लावली आणि मिनिटाला १० ते १५ लिटरांचा प्रवाह ठेवला, तर हेच प्रमाण शंभराच्या जवळ जाते. ती पिशवी पुष्कळ ठिकाणी 'अडचण होते' म्हणून काढून ठेवलेली आढळते!

यंत्राची जात ओळखा

उचलून नेता येणारी श्वासयंत्रे स्थूलमानाने दोन जातींची असतात. पहिली, सिलिंडरमधील प्राणवायूच्या दाबावर चालणारी. हिला वीज फारशी किंवा मुळीच लागत नाही. पण सिलिंडर संपला की यंत्र थांबते. दुसरी, आत लहान विजेचा पंखा असलेली. ही बाहेरची हवा ओढून घेते व हवा तेवढा प्राणवायू तिच्यात मिसळते. सिलिंडर संपला तरी साध्या हवेवर चालू राहते, पण बॅटरी संपली की थांबते. आपल्या गाडीतील यंत्र कोणत्या जातीचे, हा प्रश्न सोबतच्या कर्मचाऱ्याला विचारला असता तत्काळ उत्तर आले पाहिजे. कारण काय संपल्यावर रुग्णाचा श्वास थांबेल, हेच त्याने माहीत करून घ्यावयाचे आहे.

यंत्र लावणे हे डॉक्टरांचे व प्रशिक्षितांचे काम होय. घरच्या माणसाने त्याच्या बटणांना हात लावू नये. तथापि त्यावरील आकडे काय सांगतात हे समजून घेण्यास हरकत नाही. मिनिटाला श्वास किती आणि प्रत्येक श्वासात हवा किती, हे मुख्य दोन आकडे. दुसऱ्या आकड्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. रुग्ण जाडजूड दिसला की त्याला हवा जास्त द्यावी असे वाटते. पण खाण्यापिण्याने माणसाचे वजन वाढते, फुप्फुसे वाढत नाहीत. ती उंचीच्या मानाने असतात. म्हणून उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या दर किलोस ६ ते ८ मिलिलिटर असा हिशेब करतात. १६८ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे असे वजन ६४ किलो येते. त्याला ३८५ ते ५१० मिलिलिटर हवा पुरते, मग तराजूवर तो नव्वद किलो का भरेना. दीड मीटर उंचीच्या स्त्रीला २६० ते ३४५ मिलिलिटर. 'सर्वांना पाचशे' असा ठोकळेबाज आकडा ठेवल्यास अशा लहानखुऱ्या बाईची फुप्फुसे दर श्वासाला नको तितकी ताणली जातात.

आता प्राणवायूचा हिशेब. वैद्यकीय प्राणवायूचा सिलिंडर काळा आणि खांदे पांढरे, ही आपल्याकडील खूण होय. रुग्णवाहिकेत वापरला जाणारा 'बी' प्रकारचा सिलिंडर भरलेला असताना त्यात सुमारे १५०० लिटर प्राणवायू असतो. दाबावर चालणाऱ्या यंत्रावरील रुग्णाला ५०० मिलिलिटरचे १४ श्वास, म्हणजे मिनिटाला ७ लिटर लागतात. यंत्राचा स्वतःचा खर्च व गळती धरून १० लिटर समजा. सिलिंडर १५० मिनिटे चालेल. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. प्रवासाला साडेतीन तास धरले तर २१०० लिटर लागतील. वाटेत झाड पडले, पूल पाण्याखाली गेला, फाटक बंद असले, तर निम्मे आणखी हवे, म्हणजे ३१५० लिटर. दोन भरलेले सिलिंडरही अपुरे पडतात. आणि काटा अर्ध्यावर असलेला सिलिंडर 'आहे की भरलेला' म्हणून चढविला असेल, तर रुग्ण ब्रह्मपुरीच्या पुढे कोठेतरी प्राणवायूशिवाय राहील.

हाच रुग्ण पंख्याच्या यंत्रावर असता आणि, मण्यारीच्या दंशात पुष्कळदा असते तशी, त्याची फुप्फुसे निरोगी असती, तर ४० टक्के प्राणवायूवर भागले असते. तेव्हा मिनिटाला खर्च पावणेदोन लिटरांहून जास्त झाला नसता व एक सिलिंडर कित्येक तास पुरला असता. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांचा आहे. तो गाडी निघण्यापूर्वी करावा लागतो, इतकेच.

वाटेत सर्वांत धोक्याचा क्षण कोणता? गाडीचा वेग नव्हे, खड्डेही नव्हेत. रुग्णाला खाटेवरून स्ट्रेचरवर आणि स्ट्रेचरवरून गाडीत घेताना श्वासनलिकेतील नळी निसटते. म्हणून उचलणाऱ्या चौघांखेरीज पाचवा माणूस असा हवा, की ज्याच्या हातात नळीशिवाय दुसरे काही नाही. प्रत्येक हलवाहलवीनंतर दातांपाशी नळीवरील सेंटिमीटरचा आकडा पूर्वीचाच आहे ना, आणि छातीच्या दोन्ही बाजू सारख्या उचलतात ना, हे पाहावे.

यंत्र ओरडू लागले तर प्रथम आवाज बंद करण्याचे बटण दाबण्याचा मोह होतो. त्याआधी रुग्णाकडे पाहावे. दाब कमी असल्याची सूचना म्हणजे बहुधा नळी सुटली किंवा कोठे गळत आहे. दाब जास्त असल्याची सूचना म्हणजे नळी मुडपली, रुग्णाने चावली, तीत कफ अडकला किंवा, क्वचित, फुप्फुसाबाहेर हवा साठली. कारण लगेच सापडत नसेल तर शोधत बसू नये. यंत्र काढावे, फुगा लावावा, हाताने श्वास द्यावा आणि मग शांतपणे यंत्राकडे पाहावे. फुग्याने छाती सहज उचलली तर दोष यंत्राचा. फुगाही दाबला जात नसेल तर दोष नळीत किंवा रुग्णाच्या छातीत. यासाठीच फुगा गाडीच्या कपाटात असून चालत नाही. तो रुग्णाच्या उशाशी, मास्क लावलेला असा पाहिजे.

आणि रुग्णाशी बोलावे. विषाने लुळा पडलेला माणूस डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही. त्याच्या बाहुल्याही विस्फारून निश्चल झालेल्या असू शकतात. पाहणाऱ्याला तो गेला असेच वाटते. पण त्याला बहुधा सर्व ऐकू येत असते. 'आता काही उरले नाही' असे शब्द त्याच्या उशाशी उच्चारणे यासारखे क्रौर्य नाही. 'मी येथे आहे, यंत्र तुला श्वास देत आहे, आपण नागपूरला चाललो आहोत' असे त्याला सांगत राहावे.

निगा

करोनाच्या साथीत, २०२० साली, स्वदेशी बनावटीच्या ५० हजार श्वासयंत्रांसाठी पीएम केअर्स निधीतून २ हजार कोटी रुपये देण्यात आले. पुढील वर्षी दुसरी लाट आली असता काही राज्यांत यंत्रे कोठारांतच पडून असल्याच्या वार्ता आल्या, आणि मे २०२१ मध्ये यंत्रांची उभारणी व वापर यांची ताबडतोब तपासणी करण्याचा व कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण देण्याचा आदेश पंतप्रधानांच्या बैठकीत देण्यात आला. खरेदी एका दिवसात होते. निगा रोज करावी लागते, आणि तिचा समारंभ होत नाही. त्यामुळे ती मागे पडते.

दररोज, पाळी बदलताना, यंत्र चालू करून त्याला चाचणीची रबरी पिशवी जोडावी. पिशवी फुगते ना? नळी मुद्दाम सोडली तर यंत्र ओरडते ना? विजेची तार काढली तर बॅटरीवर चालू राहते ना? पाच मिनिटांचे काम आहे. बॅटरी मात्र फसवी असते. पडद्यावर ती भरलेली दिसते आणि जुनी झाली असेल तर प्रत्यक्षात वीस मिनिटांत बसते. म्हणून अधूनमधून, रुग्ण नसताना, यंत्र बॅटरीवर चालवून ते किती वेळ टिकते हे घड्याळ लावून पाहावे व तारीख घालून चिकटपट्टीवर लिहावे. अनेक यंत्रांच्या पुस्तिकांत ४० अंशांच्या आसपासची उष्णता ही वापराची मर्यादा सांगितलेली असते. विदर्भातील मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काय होत असेल याची कल्पना करावी! गाडी सावलीत लावणे हीही निगाच आहे.

रुग्णाच्या नळीपाशी बसविलेली गाळणी त्याच्याच श्वासातील उष्णता व ओलावा राखते आणि जंतू अडविते. ती एका रुग्णाची एकच. साधारणपणे दिवसातून एकदा आणि कफाने भरली तर त्याआधीच बदलावी. पाण्याच्या उबदार वाफेचे साधन लावलेले असेल तर ही गाळणी सोबत लावू नये, ती भिजून श्वास अडतो. यंत्राच्या मागील बाजूस हवा आत घेणारी दुसरी जाळी असते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रस्त्याच्या धुळीने ती बुजली की पंख्याला धाप लागते. यंत्राचे अंग फडक्याने पुसावे. फडके ओले करावे, यंत्रावर फवारा मारू नये. हवेचा प्रवाह मोजणारा भाग फार नाजूक असतो, तो ब्रशाने घासणे म्हणजे तो बिघडविणे होय.

फुगा धुतल्यावर त्याची झडप पुन्हा बसविताना उलटी बसली, तर श्वास आत जाईल पण बाहेर येणार नाही, किंवा मुळीच जाणार नाही. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. तोंड तळहाताने बंद करून फुगा दाबावा. तो दबता कामा नये. हात काढून दाबून सोडावा; तो चटकन् फुगला पाहिजे. रबराला तडे गेले असतील किंवा ते चिकट झाले असेल तर फुगा टाकून द्यावा, त्याची किंमत यंत्राच्या मानाने नगण्य आहे.

सिलिंडरच्या झडपेला तेल, ग्रीस किंवा मलम लागलेला हात लावू नये. दाबाखालील प्राणवायू आणि तेल यांची गाठ पडली की ठिणगीवाचूनही पेट घेतो. चावी सावकाश उघडावी. सिलिंडर पट्ट्याने बांधलेला असावा. सुटलेला सिलिंडर गाडीला ब्रेक लागताच तोफगोळ्यासारखा पुढे येतो. वर्षातून एकदा यंत्राची मापे वैद्यकीय अभियंत्याकडून तपासून घ्यावीत. आणि यंत्राला जोडून एक वही असावी. यंत्रासोबत येणारी शंभर पानांची पुस्तिका बहुधा इंग्रजीत व कपाटात असते. तिच्यातील दहा ओळी कर्मचाऱ्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, यंत्राच्या पाठीवर चिकटविल्या तर त्यांचा उपयोग त्या शंभर पानांहून अधिक होईल, असे भाषांतराचे काम करणाऱ्याला तरी वाटते.

अलीकडे स्नायूंच्या दीर्घ विकाराचे किंवा पाठीच्या कण्याला इजा झालेले काही रुग्ण लहान श्वासयंत्रासह घरीही राहतात. अशा घराला वरील सर्व लागू आहेच. त्याखेरीज ज्या खोलीत प्राणवायू चालू आहे तेथे समई, उदबत्ती, शेगडी आणि विडी यांना मज्जाव असावा. देवघर त्याच खोलीत असेल तर ते हलवावे. रुग्णाच्या ओठांना व्हॅसलीन न लावता पाण्यात विरघळणारे मलम लावावे. वीज गेल्यावर यंत्र किती वेळ चालते हे घरातील प्रत्येकाला पाठ हवे, आणि फुगा दाबता येणारी किमान दोन माणसे घरात हवीत. एकच असेल तर ती झोपणार केव्हा?

मण्यारीच्या रुग्णाकडे परत येऊ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कधी त्याहून उशिरा, त्याची पापणी थोडी वर उचलली जाते. मग बोटे हलतात. यंत्राने श्वास देण्यापूर्वीच तो स्वतः ओढू पाहतो आणि पडद्यावरील रेषेला लहानसा खळगा पडतो. डॉक्टर यंत्राचे साहाय्य हळूहळू कमी करतात, मान उचलून धरता येते का ते पाहतात, आणि एका सकाळी नळी काढतात. घोगऱ्या आवाजात तो बहुधा पाणी मागतो. परिचारिका वापरलेल्या नळ्या व गाळणी टाकून देते, यंत्र पुसते, नवी नळी जोडून चाचणीची पिशवी लावते, वहीत तारीख व वेळ लिहिते आणि तार भिंतीतील विजेला लावून ठेवते.